पाच व्होल्टच्या वर

जीवननं फोन काउंटरवर ठेवला, तर तो सपाट बसेचना. डुगडुगत राहिला. मागचं झाकण टम्म फुगलं होतं आणि एका कडेनं काच सुटून वर आली होती.

"वैनी, हे बगा काय झालंय," जीवन म्हणाला. तो गावाबाहेरच्या जिनिंगवर कापसाच्या काट्यावर बसायचा. अंगावर, भुवयांवर कापसाचे तंतू घेऊनच दुकानात यायचा. "तुमचा चार्जर नेल्यापासनं फोन तव्यावानी तापायला. आज उठून बगतो तर हे असं."

त्रिवेणीनं फोन उचलून बघितला आणि लगेच खाली ठेवला. बॅटरी फुगलेला फोन हातात धरू नये, हे तिला माहीत होतं. "ह्याला आता चार्जिंगला लावू नका," ती म्हणाली. "चार्जर आणलाय का?"

जीवननं खिशातून पांढरा चार्जर काढून दिला.

मानवतच्या बसस्टँडसमोर त्रिवेणीचं हे दुकान. तिच्या सासऱ्यांनी, ईश्वरअप्पांनी, जन्मभर ज्या गाळ्यात किराणा विकला त्याच गाळ्याचा पुढचा तुकडा. दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याला रस्त्यावरूनच बोलावं लागायचं. नवरा राजेश्वर परभणीहून माल आणायचा आणि फोन दुरुस्त करायचा. गिऱ्हाईक बघायची त्रिवेणी. चार्जर सावकाश चालतोय, वायर दम धरत नाही, अशा तक्रारी रोजच्याच. त्यात खरं किती आणि खोटं किती हे कळावं म्हणून तिनं राजेश्वरच्या मागं लागून एक मीटर मागवून घेतलं होतं. अंगठ्याएवढं. चार्जर आणि वायर यांच्या मधे ते खोचायचं, की बारक्या पडद्यावर आकडे उमटायचे. किती व्होल्ट येतात, किती करंट ओढला जातो. वायर वाईट असली की आकडा पडलेला दिसायचा, चांगली असली की जागचा हलायचा नाही. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर आकडा धरला की वाद मिटायचा.

तिनं जीवनचा चार्जर बोर्डात घातला, मीटर लावलं आणि त्याच्या पुढं यूएसबीचा छोटा बल्ब जोडला. बल्ब लागला. पडद्यावर पाच पॉइंट एक.

"बरोबर हाय की हे," ती म्हणाली. "पाचाच्या आसपासच पायजे."

"मग फोन कामून फुगला?"

तेवढ्यात कॉलेजच्या दोन पोरी आल्या, त्यांना कव्हरं दाखवण्यात ती गुंतली. पोरी गेल्या आणि तिची नजर बल्बावर गेली. मघापेक्षा तो जास्त पांढरा दिसत होता. तिनं वाकून मीटर बघितलं. पाच पॉइंट नऊ.

तिला वाटलं, आपणच चुकीचं वाचतोय. ती बघत राहिली. सहा. सहा पॉइंट दोन. आकडा हळूहळू, एकेक पायरी चढल्यासारखा वर जात होता. चार्जरला बोट लावलं तर चटका बसला. सातच्या जवळ गेल्यावर तिनं बटण बंद केलं आणि चार्जर उपटून काढला.

"तापला की चढायलाय," ती जीवनला म्हणाली.

जीवनला दुसऱ्या मालातला चार्जर दिला, फोनचं काय करायचं ते राजेश्वर आल्यावर बघू म्हणाली आणि त्याला वाटेला लावलं. मग तिनं फळीवरून त्या चार्जरचं खोकं खाली काढलं. नवीनच माल होता, गेल्या बाजाराच्या आधी आलेला. एकेक काढून ती तपासत बसली. प्रत्येकाला तापायला वेळ द्यायचा, बल्बाकडं बघत थांबायचं. पहिला ठीक. दुसरा ठीक. तिसरा चढला. पुढचे काही ठीक निघाले, आणि मग आणखी एक चढला, तो तर भराभरा.

म्हणजे सगळे वाईट नव्हते. पण कुठला वाईट निघेल हे वरून बघून कळायची सोय नव्हती.

विकलेले थोडेच होते. एक शेजारच्या पानटपरीवर होता, तो तिनं लगेच जाऊन आणला. एक तहसीलमधल्या शिपायानं नेलेला. त्याचा नंबर होता, तो म्हणाला अजून डबीसुदा फोडली नाही. त्रिवेणीचा जीव जरा खाली आला. मग तिला बाजाराच्या दिवशी एक चार्जर घेऊन गेलेली बाई आठवली आणि हातातलं खोकं तिनं खाली ठेवलं.

साठीच्या आसपासची, उंच, खणखणीत आवाजाची बाई. हातात नव्या बांगड्यांची पुडी. पदराला जागोजागी कापूस चिकटलेला. "वायर लांब पायजे बरं का," ती म्हणाली होती. "आमचा बोर्ड पार कापसाच्या मागं गेलाय. भाव यायलाय म्हनून पोरानं इकू दिला न्हाई, सगळा घरात भरून ठिवलाय. आड्यापसवर. मी बी त्याच्यावरच निजते."

आणि त्रिवेणी हसून म्हणाली होती, "लावून खुशाल शेताला जावा मावशी. फोन भरला की आपोआप बंद व्हतंय."

आपलंच वाक्य तिला आता जसंच्या तसं ऐकू येऊ लागलं. खुशाल शेताला जावा.

तिनं राजेश्वरला फोन लावला. तो परभणीला होलसेलवाल्याकडेच बसला होता. तिनं सगळं सांगितलं.

"हे बग, मी इथं बोलतो. खोकं परत करू," तो म्हणाला. "पण तू गावभर बोंब मारू नकू. आत्ता कुठं दुकानाला चार माणसं यायलीत. ती बाई भेटली तर चार्जर बदलून दे. म्हण, कंपनीनं नवीन मॉडेल दिलंय, फुकट बदलून द्यायलाव. खराब हाय असं म्हनूच नकू."

"आधी ती भेटू तर दे."

"कोण हाय ती?"

"तेच तर म्हाईत न्हाई," त्रिवेणी म्हणाली.

ईश्वरअप्पा दुपारी जेवून दुकानात येऊन बसत. पांढरं धोतर, कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. ते आले तेव्हा सून काउंटरवर दोन्ही हात टेकवून नुसती उभी होती. त्यांनी विचारलं, तिनं सांगितलं. अप्पांना व्होल्ट कळत नव्हते, पण कापूस कळत होता.

"बांगड्या नव्या व्हत्या म्हणलीस?" ते म्हणाले.

"हिरव्या. पुडीतच व्हत्या, भरलेल्या न्हवत्या."

"मग कडूबाईला इचार की."

बसस्टँडच्या कोपऱ्यावर कडूबाई कासारीण बांगड्यांची पेटी घेऊन बसायची. त्रिवेणी जवळजवळ पळतच गेली. कडूबाई एका बाईच्या हातात बांगड्या चढवत होती. हातावरची नजर न काढता तिनं ऐकून घेतलं.

"उंच? मोठ्यानं बोलणारी? ती चांगुणाबाई. पिंपळजवळ्याची. लेकीच्या डोहाळजेवणाला बांगड्या न्यायलेय म्हणली. फोन नंबर म्या कशाला ठिवू माय, ती दरसाल आपल्या पायानं येती."

पिंपळजवळ्याची गाडी दुपारचीच होती, आणि ती अजून लागली नव्हती. दुकानाचं शटर ओढून त्रिवेणी निघाली तर अप्पाही काठी घेऊन उभे.

"तुमी कशाला अप्पा? ऊन हाय."

"परक्या गावात जाऊन तू म्हणशील, मी इकलेला माल खराब हाय. लोक काय आरती ओवाळतील? चल."

बस उशिरा आली. आल्यावरही ड्रायव्हर चहाला गेला. त्रिवेणीच्या मांडीवर पिशवी होती. पिशवीत मीटर, बल्ब आणि चांगल्या मालातला नवा चार्जर. ती मनाशी वाक्य जुळवत होती. मावशी, कंपनीनं नवीन मॉडेल दिलंय. मावशी, तुमच्यासाठी फुकट बदली आलीय. प्रत्येक वेळी वाक्याच्या शेवटी तिला आढ्यापर्यंत भरलेला कापूस दिसायचा, आणि त्याच्या आत कुठंतरी एक पांढरा चार्जर, तापत चाललेला. बाई आत्ता घरात असेल का? असेल तर बरं. वास तरी येईल तिला. पण निजलेली असेल तर? तिनं डोळे मिटून घेतले. गाडी खड्ड्यातून जाताना पिशवी उडायची आणि ती दोन्ही हातांनी धरून ठेवायची.

वाटेत कापसानं भरलेले ट्रॅक्टर मानवतकडं जाताना दिसत होते. प्रत्येक ट्रॅक्टरकडं ती बघायची. यातला एखादा चांगुणाबाईच्या घरातला असेल, आज सकाळीच पोरानं कापूस बाहेर काढला असेल, असं तिला वाटायचं.

पिंपळजवळ्यात उतरल्यावर पाराजवळ बसलेल्या माणसानं घर दाखवलं. गल्लीच्या टोकाचं, पत्र्याचं, मातीच्या भिंतींचं. दाराला कुलूप होतं.

त्रिवेणीनं कुलूप हातात धरून हलवून बघितलं, जसं काही ते हलवल्यानं सुटणार होतं. दाराशेजारी लाकडी गजांची एक खिडकी होती. आतून पोतं लावलेलं, आणि पोत्याच्या फटीतून कापूस बाहेर आलेला. तिनं नाक लावून वास घेतला. कापसाचा, धुळीचा, उंदरांचा वास. जळका होता का? होताही, नव्हताही. जितका जास्त वेळ ती हुंगत होती तितकं तिला काहीच कळेनासं झालं.

"अप्पा, तुमी बगा बरं. तुमाला येतो का वास?"

अप्पांनी वास घेतला. "मला नाकानं कमीच कळायलंय आता," ते हळूच म्हणाले.

समोरच्या ओट्यावरून एक माणूस उठून आला. पन्नाशीचा, बनियन घातलेला, तोंडात तंबाखू. "कोण पायजे?"

"चांगुणाबाई कुठं गेल्या?"

"येचायला गेली की. नाल्यापलीकडं रान हाय तिचं. कोण तुमी?"

"मी मानवतहून आले. मोबाइलचं दुकान हाय माझं." तिनं विचारलं, "भाऊ, त्या जाताना फोन घेऊन जातात का? का घरीच चार्जिंगला लावतात?"

तो माणूस हसला. "फोन घेऊन कोण कापूस येचतंय? लावून जाती. संध्याकाळी आली की लेकीला लावती. लाइट आत्ताच आलीय, सकाळधरनं न्हवती."

लाइट आत्ताच आलीय. जीवनचा चार्जर चढायला किती वेळ लागला होता? कॉलेजच्या पोरींनी कव्हरं बघायला जेवढा वेळ लावला तेवढाच.

"ह्या घराचं मीटर कुठं हाय? मेन बटण?"

"आतमधी. का?"

राजेश्वरनं शिकवलेलं वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. नवीन मॉडेल, फुकट बदली. पण बदलीसाठी कोणी कुणाची लाइट तोडत नाही. तिनं अप्पांकडं बघितलं. अप्पा काठीवर दोन्ही हात ठेवून तिच्याकडंच बघत होते.

"भाऊ, मी त्यांना चार्जर इकला, तो खराब असू शकतो," ती म्हणाली. आवाज तिला वाटलं त्यापेक्षा मोठा निघाला. दोन-तीन दारांतून बायका बाहेर आल्या. "त्याच मालातले काही मी तपासले, ते तापले की लय जास्त पावर सोडायलेत. एका माणसाचा फोन फुगला. आत कापूस हाय. लाइट बंद करायला पायजे, आत्ताच्या आत्ता."

मग एक बाई म्हणाली, "आगं माय! माझी भिंत लागून हाय तिच्या भिंतीला."

त्या माणसाचं नाव रंगनाथ. त्यानं तंबाखू थुंकली. "असा माल इकताच कशाला वो तुमी?" तो म्हणाला. पण म्हणता म्हणता वळला आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या डीपीकडं चालू लागला. त्याच्या पोराला त्यानं सायकलवर नाल्यापलीकडं पिटाळलं. डीपीची पेटी उघडून वाळक्या काठीनं त्यानं फ्यूज खाली पाडला. सगळ्या गल्लीची लाइट गेली. कुठंतरी पिठाची गिरणी चालू होती, तिचा आवाज खाली खाली येत थांबला आणि आतून गिरणीवाल्याची शिवी ऐकू आली.

मग वाट बघणं. अप्पांना कोणी बाज टाकून दिली. त्रिवेणी दारासमोरच उभी राहिली, खिडकीतून बाहेर आलेल्या कापसाकडं बघत. धूर निघतोय असं तिला दोनदा वाटलं, दोन्ही वेळा धूळ निघाली.

चांगुणाबाई आली ती कमरेची कापसाची ओटी तशीच बांधलेली, धापा टाकत. रंगनाथच्या पोरानं तिला काय सांगितलं देव जाणे. "पेटलं का? माझं घर पेटलं का?" ती लांबूनच ओरडली.

"न्हाई पेटलं," रंगनाथ म्हणाला. "ही दुकानवाली आलीय."

तिनं धडपडत कुलूप काढलं. दार उघडलं तर पुढं पाऊल टाकायला जेमतेम वाट. बाकी तिन्ही बाजूंनी पांढरा डोंगर, पत्र्याला टेकलेला. त्यात एक पोकळी केलेली, तिच्यात वाकळ, उशी, आणि उशीवर फोन. फोनची वायर कापसात शिरलेली. चांगुणाबाईनं खांद्यापर्यंत हात आत घालून चाचपडलं आणि चार्जर ओढून काढला.

त्रिवेणीनं तो तिच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतला. कोमट होता. फक्त कोमट.

फ्यूज परत बसला, गल्लीची लाइट आली. रंगनाथच्या ओट्यावरच्या बोर्डात तिनं चार्जर लावला. मीटर, बल्ब. भोवती सगळी गल्ली गोळा झाली, गिरणीवालासुद्धा पिठानं माखलेला तसाच आला. पडद्यावर पाच पॉइंट एक.

"पाचच पायजे," ती म्हणाली. "पण तापल्यावर बगायचं. थांबा जरा."

सगळे थांबले. एका बाईनं चहा आणला. पाच पॉइंट एक. चांगुणाबाई उकिडवी बसून पडद्याकडं टक लावून होती. पाच पॉइंट एक. चहा संपला, कप गोळा झाले. बल्ब तसाच, पिवळसर, शांत.

"मग?" गिरणीवाला म्हणाला. "कधी चढनार तुमचा आकडा?"

कोणीतरी हसलं. त्रिवेणीच्या मानेवर घाम आला होता. तिनं चार्जरला हात लावला, आता तो गरम होता, पण नेहमीचे असतात तेवढाच. पाच पॉइंट एक. चढ ना, असं तिच्या मनात आलं. चढ की एकदाचा. आणि आपण काय मागतोय हे कळल्यावर तिला स्वतःचीच शरम वाटली. त्या चार्जरवर ही बाई निजते, आणि आपल्याला तो वाईट निघायला हवाय, चार माणसांत तोंड राहावं म्हणून.

"चांगला हाय," ती मोठ्यानं म्हणाली. "हा चांगला निघाला."

"म्हणजे सगळ्या गल्लीची लाइट फुकटच घालवली?" रंगनाथ म्हणाला. "माझं मोटारीचं काम अर्ध्यावर ठिवलं मी."

"आन् माझा कापूस ऱ्हायला येचायचा," चांगुणाबाई आता चिडली. भीती उतरली की माणूस चिडतं तशी. "काळीज हातात घिऊन पळत आले मी नाल्यातनं. दे इकडं माझा चार्जर."

"मावशी, हा नका घेऊ. दुसरा आणलाय मी."

"चांगला हाय म्हणलीस ना?"

"आज चांगला हाय. उद्याचं मीटर सांगत न्हाई."

"उद्याचं कुणालाच सांगता येत न्हाई बाई," चांगुणाबाई म्हणाली, पण नवा चार्जर तिनं घेतला. उलटसुलट करून बघितला आणि घरात जायला वळली. "लावते. लेकीचा फोन यायचाय."

लोक पांगायला लागले. अप्पा बाजेवरून उठून काठी शोधत होते. काम झालं होतं, आता निघायचं. पण त्रिवेणीचे पाय चांगुणाबाईच्या मागं दारापर्यंत गेले. बाई वाकून कापसात हात घालत होती, न बघता, सवयीनं, बोर्ड चाचपडत. ते बघून त्रिवेणीला राहवेना.

"मावशी, थांबा. बोर्डाम्होरचा कापूस तरी बाजूला करू. कसलाबी चार्जर असला तरी असा कापसात लावू नये."

"इतकी वर्सं लावायलेय. काय व्हत न्हाई."

"मी करते. तुमी नुसतं बगा."

चांगुणाबाई कुरकुरली, पण आडवी आली नाही. त्रिवेणीनं पदर खोचला आणि कवेत मावेल तेवढा कापूस उचलून वाटेवर टाकायला लागली. एक कवळ, दुसरी, तिसरी. नाकातोंडात तंतू गेले, शिंका आल्या. बोर्ड दिसला. भिंतीवर खालच्या बाजूला ठोकलेला, जुनाट, काळा. त्याच्याकडं येणारी जुळी वायर वरच्या मेनपासून भिंतीच्या कडेनं कापसातूनच खाली आली होती. तिनं वायरच्या कडेचा कापूस ओढला, आणि तिच्या हातात आलेला कापूस पांढरा नव्हता. तपकिरी होता. काही काळा.

आता मात्र जळका वास आला. नक्की आला.

तिनं आणखी थोडा बाजूला केला. वायर उंदरांनी कुरतडली होती, वीतभर. दोन्ही तारांचं तांबं उघडं पडलं होतं आणि एकमेकांना लागेल न लागेल असं होऊन होतं. मागची माती काळवंडली होती. आणि लाइट आली होती. तिनंच आणायला लावली होती.

"फ्यूज!" ती किंचाळली. "रंगनाथभाऊ, फ्यूज पाडा! मावशी, बाहेर व्हा, हात लावू नका कशाला!"

तिनं चांगुणाबाईला दंडाला धरून बाहेर ओढलं. रंगनाथनं या वेळी काही विचारलं नाही. तो धोतर सावरणाऱ्या अप्पांना ओलांडून पळाला. डीपीवर काठीचा खटका वाजला आणि गिरणी पुन्हा थांबली. या वेळी शिवी आली नाही.

रंगनाथनं पक्कड आणून वायर मेनपासूनच तोडली. गल्लीतल्या बायापोरांनी साखळी करून त्या भिंतीकडचा कापूस बाहेर काढला आणि अंगणात ताडपत्रीवर टाकला. जळका कापूस वेगळा ठेवला. फार नव्हता, एका घमेल्यात मावला. एकेक जण येऊन त्यात बोट घालून बघून जात होता. आजचा होता की महिन्याचा, कुणाला सांगता येईना. कधीतरी ठिणगी पडली होती आणि आपोआप विझली होती, एवढंच. कशी विझली हेही कुणाला कळलं नाही.

चांगुणाबाई उंबऱ्यावर बसली होती. मघाचा खणखणीत आवाज कुठं गेला होता कोण जाणे. अप्पा तिच्याजवळ जाऊन बसले. "शरणार्थ बाई," ते हात जोडून म्हणाले. "घाबरू नका आता. पोराला बोलावून घ्या."

"पोरगं पुण्याला हाय," ती म्हणाली. मग मागं घरात बघत, "मी रोज तिथंच डोकं करून निजते. त्याच भिंतीला."

तिनं त्रिवेणीकडं बघितलं, काही म्हणायचं असल्यासारखं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. लेकीचा होता. चांगुणाबाईनं पदरानं तोंड पुसलं, घसा खाकरला आणि फोन कानाला लावला. "व्हय माय. बरी हाय मी. न्हाई, आज लवकर आले येचून. तू जेवलीस का? बांगड्या घिऊन ठिवल्यात, हिरव्या." आवाज परत खणखणीत झाला होता. वायरचं तिनं अवाक्षर काढलं नाही. बोलताना तिचा एक हात शेजारी उभ्या असलेल्या त्रिवेणीच्या मनगटावर होता, घट्ट, आणि फोन संपेपर्यंत तो तिनं सोडला नाही.

रात्री चांगुणाबाई रंगनाथच्या घरी निजेल आणि उद्या वायरमन येईपर्यंत तिच्या घरची लाइट जोडायची नाही, असं ठरलं. निघताना गिरणीवाला आडवा आला. त्रिवेणीला वाटलं आता हा भांडणार. त्यानं खिशातून स्वतःचा चार्जर काढला, दोऱ्यानं बांधलेला. "ह्याला बगता का जरा?" तो म्हणाला. त्याच्यामागं आणखी दोघं-तिघं आपापले चार्जर घेऊन उभे होते. गल्लीचा फ्यूज अजून बसवला नव्हता, त्यामुळं बघता आलं नाही. बाजाराच्या दिवशी आणा, असं ती म्हणाली.

परतीची गाडी अर्धी रिकामी होती. बसल्याबरोबर राजेश्वरचा फोन आला.

"भेटली का बाई? चार्जर घेतला का परत?"

"घेतला."

"कसा निघाला?"

"चांगला."

"बघ! म्हणून म्हणलं, बोंब मारू नकू. नवीन मॉडेल म्हणूनच दिलास ना?"

"न्हाई. खरं सांगितलं. सगळ्या गल्लीला."

मग तो म्हणाला, "बरं केलंस." पण ते त्याला पटलंय की नाही हे आवाजावरून कळेना. तिला पुढचं सगळं सांगायचं होतं. वायरचं, घमेल्यातल्या कापसाचं. पण गाडीच्या खडखडाटात ते सांगण्यासारखं नव्हतं. "घरी आल्यावर सांगते," एवढंच ती म्हणाली आणि फोन ठेवला.

अप्पा खिडकीशी बसले होते. त्यांना झोप लागली असेल असं तिला वाटलं, पण त्यांचे डोळे उघडे होते. एका हातात त्यांनी गळ्यातली डबी घट्ट धरली होती. केव्हापासून, कुणास ठाऊक. त्रिवेणीनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, टोपण उघडून त्यांच्या दुसऱ्या हातात दिली आणि ते पाणी पिईपर्यंत खालून बाटलीला हात लावून बसली.